हळू चालणाऱ्याने पुढे

सर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि आज जुम्म्याची नमाज करून, जेवून निवांत बसलो होतो तर मला तुमचा पुन्हा एकदा राग आला. भूगोलाच्या मास्तराने भूगोल शिकवावा. नकाशात बहरीनचा ठिपका दाखवावा आणि मोकळं व्हावं. तुम्ही मात्र शनिवारची सकाळची शाळा सुटली की मोहल्ल्यातल्या आणि वाडीतल्या आम्हा दहा-बारा पोरांना घेऊन खाडीच्या कडेने, राईतून, पऱ्ह्याच्या पाण्यातून हिंडत राहायचात. ती हिंडायची खोड माझ्या अंगात अशी मुरली की साठीला टेकलो तरी जात नाही. बरं, तीस वर्षं काढली ती अशा मुलखात की जिथे कोपऱ्यावरच्या दुकानातून खुबूसची रोटी आणायलासुद्धा लोक गाडी काढतात. हमद टाउनच्या आमच्या रस्त्यावर मी चालत निघालो की शेजारी काच खाली करून विचारतात, गाडी बंद पडली का? मी नाही म्हणतो. ते पुढच्या राऊंडअबाऊटपर्यंत आरशात माझ्याकडे बघत जातात.

तर आम्ही तिघं आहोत. एक मी, कंपनीच्या स्टोअरमधला कारकून. दुसरा पुण्याचा इंजिनियर, मनगटावर घड्याळ आणि घड्याळात पावलं. हा माणूस झाड बघत नाही, मनगट बघतो. आणि तिसरा रायगडचा, इथल्या नईम भागात शिवणकामाचं दुकान चालवणारा माझा जुना दोस्त. याच्याबद्दल तुम्हाला सांगायचंय, कारण वैतागाचं मूळ तोच. थंडीचे चार महिने दर शुक्रवारी फजरची नमाज झाली की आम्ही निघतो. कधी उत्तरेकडच्या खजुराच्या बागांतून, कधी गावाजवळच्या तळ्याभोवती, कधी सखीरच्या बाजूला, जिथे वाळूत एखादी बाभूळ उभी असते आणि आम्ही तिलाच जंगल म्हणतो. सगळीकडे हा दोस्त मागे. बागेतला माळी दिसला की थांबणार, पाणी कुठून येतं विचारणार. वाळलेली शेंग दिसली की उचलणार, खिशात घालणार. शिंप्याची नजर, दोन हातांवरचं बघायची सवय झालेली. तीन किलोमीटरला आम्हाला दोन तास लागतात. इंजिनियर म्हणतो, "आपला पेस पार बिघडतो हो याच्यामुळे." मी तोंडाने त्याला गप्प करतो आणि मनात म्हणतो, खरं आहे.

तुम्हाला आठवतं का, सातवीत होतो मी. पायाला भिंगरी. आपण खाडीच्या बांधावरून चाललोय, आणि तुम्ही त्या पाय ओढत चालणाऱ्या वाडीतल्या मुलीला सगळ्यांच्या पुढे घातलंय. तिच्यामागे आम्ही सगळे, मुंग्यांसारखे. मी दोनदा बांधाखाली उतरून पुढे पळालो, दोनदा तुम्ही परत बोलावलंत. तिसऱ्यांदा पळालो आणि धक्क्यावर जाऊन बसलो. तुम्ही सगळ्यांना घेऊन अर्ध्या तासाने आलात. ओरडला नाहीत. इतकंच म्हणालात, "पहिला आलास. आता कुणाला सांगशील? खेकड्यांना?" सगळी पोरं हसली. ती मुलगीसुद्धा हसली, त्याचं जास्त लागलं. परतीच्या वाटेत माझी चप्पल तुटली तर तुम्ही तुमची काढून दिलीत आणि स्वतः अनवाणी आलात. राग धरायची सोयही ठेवली नाहीत. घरी जाऊन मी अम्माला म्हटलं, या मास्तराबरोबर मी परत जाणार नाही. पुढच्या शनिवारी गेलो.

गेल्या महिन्यात आम्ही तिवरांकडे गेलो. इथे एका उथळ उपसागराच्या कडेला आपल्यासारखीच तिवरं आहेत, सर. तीच चिखलातून वर आलेली पेन्सिलींसारखी मुळं, तोच वास. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी तिथेच उभा राहिलो होतो. त्या दिवशी ओहोटी होती. एका बाजूला पायवाट, दुसऱ्या बाजूला उघडा चिखल, त्यात बगळे. दोस्त दर दहा पावलांवर थांबतोय. एकदा खेकड्याचं बीळ, एकदा शिंपला. इंजिनियरला अकरा वाजता कुठेतरी जायचं होतं, तो सारखा घड्याळ बघतोय. शेवटी माझाच तोल गेला. मी म्हटलं, "तुला यायचंय की इथेच घर बांधायचंय?" तो जराही न चिडता म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो सावकाश. मफी मुश्किल, काही अडचण नाही." आणि आम्ही गेलो. खरं सांगतो, झपाझप चालताना इतकं बरं वाटलं की बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

गाडीपाशी पोहोचलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली. फोन लावला तर तो गाडीतच वाजला, बंद काचेमागे. इंजिनियर म्हणाला, "बसला असेल कुणाशी गप्पा मारत." मी म्हटलं बघून येतो, आणि मागे फिरलो. चरफडतच फिरलो. काय काय बोलायचं ते वाटेत जुळवत होतो. ज्या वळणावर त्याला सोडलं होतं तिथे तो नव्हता. हाक मारली. तिवरांच्या पलीकडून, पाण्याच्या बाजूने, अगदी शांत आवाज आला, "इकडे आहे."

कुठलासा पांढरा शंख आणायला म्हणून हा गृहस्थ चिखलात उतरला होता. मांड्यांपर्यंत रुतलेला, दोन्ही हातांनी एक फांदी धरून. भरती लागली होती. पाणी त्याच्या कमरेभोवती आलं होतं, आणि तिथलं पाणी गाजावाजा करत येत नाही, बघता बघता चढतं. किती वेळ उभा होता कोण जाणे. ओठ पांढरे पडले होते. मला बघून म्हणाला, "हाका मारल्या मी. तुम्ही लांब गेला होता."

सर, वाटेत जे जुळवलं होतं त्यातलं एकही वाक्य त्या क्षणी मला आठवलं नाही. आठवलं ते खाडीकाठच्या खाजणात तुम्ही शिकवलेलं, की रुतलेल्या माणसाला उभं ओढायचं नाही, आडवं करायचं. किनाऱ्याला लागलेलं एक प्लायवूडचं फळकूट सापडलं. ते चिखलावर टाकून मी पोटावर सरपटत गेलो. म्हटलं, "मागे रेल. पाठ टेक पाण्यावर." तो म्हणाला, "बुडेन." मी म्हटलं, "मी धरलंय." मग एक पाय हलवून हलवून सोडवला, मग दुसरा. पायातले बूट तिथेच राहिले. अर्धा तास गेला असेल. तोवर इंजिनियर धावत आला आणि आम्हा दोघांना पायवाटेवर ओढून घेतलं. तो रडत होता. घड्याळाची काच चिखलाने भरली होती, त्याच्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मग मी ओरडलो. दोस्तावर, शंखावर, इंजिनियरवर. दोस्त चिखलाने माखलेला बसून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "शंख मिळाला नाही पण."

तेव्हापासून दर शुक्रवारी तो पुढे असतो. हा नियम मी केला, तुमचा म्हणून नाही सांगितला. त्याच्या मागून चालणं म्हणजे सबराची परीक्षा आहे. आज सकाळी तर खजुराच्या बागेत तो एका पाटापाशी पाव तास उभा होता आणि आम्ही दोघं त्याच्या पाठीकडे बघत उभे. इंजिनियरने एकदाही मनगट वर केलं नाही. मी मात्र आतून उकळत होतो. माणूस वाचला म्हणून त्याचा त्रास कमी होत नाही, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाहीत.

त्या दिवसानंतर त्याच्या बायकोने डबा पाठवला. फोनवर म्हणाली, "भाईजान, तुमच्या मनात आलं म्हणून तुम्ही मागे फिरलात, नाहीतर काय झालं असतं?" मी म्हटलं, "अल्लाची मेहेरबानी." डब्यातल्या सांदण्या खाल्ल्या, चांगल्या होत्या. दुकानात, मशिदीत, सगळीकडे तो हीच गोष्ट सांगत सुटलाय, की याला आतूनच कळलं. मी मान खाली घालून ऐकतो. लोकांना वाटतं, किती नम्र माणूस.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहितो. मला आतून काही कळलं नव्हतं, सर. गाडी त्याची होती आणि किल्ली त्याच्या खिशात होती. ती माझ्याकडे असती, तर मी निघून गेलो असतो.