वही कोणी वाचली?

सर, तुमच्यावर मी नऊ वर्षं संशय घेतला, हे आधीच सांगून टाकते. संशय घ्यायला तसं तुम्हीच शिकवलं होतं. एम.ए.ला लोकप्रशासन घेतलेले आम्ही सात जण, त्यात मुलगी मी एकटी. पहिल्याच तासाला तुम्ही फळ्यावर कार्यालयाचा तक्ता काढलात. वर साहेब, खाली बाबू, त्याखाली शिपाई. सगळ्या रेघा नीट जोडल्यात आणि डस्टरने पुसून टाकल्यात. पुस्तक तुम्ही शुद्ध भाषेत वाचून दाखवायचात, समजावून मात्र घरच्या बोलीत सांगायचात. "हे परीक्षेत लिवजा. पन कचेरीत जाऊन पाहा, काम खरं कोनाच्या हातून सरकते ते." पुस्तकात त्याला अनौपचारिक संघटन म्हणतात. तुम्ही म्हणायचात, तिथं डोळे उघडे ठेवून बसलं की आपोआप दिसते.

शहात्तर साल असेल. वर्ध्याहून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या कचेरीत तीन आठवडे बसायची परवानगी तुम्ही मिळवून दिलीत. तिथले साहेब तुमच्या ओळखीचे होते, ते मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं. रोज सकाळची एसटी, डबा आणि दोनशे पानी वही. जावक टेबलावरच्या बाईंशेजारी मला स्टूल मिळालं. पहिले चार दिवस मला बघून सगळे भराभर कामं उरकत होते. ही वरून पाठवलेली आहे, असं त्यांना वाटत होतं. बाई तेवढ्या मोकळेपणी बोलत. तक्त्यात त्या शेवटून दुसऱ्या, पण साहेबांपुढच्या गठ्ठ्यात कुठला कागद वर आणि कुठला खाली, हे त्याच ठरवत. एका गावच्या शाळेचं छप्पर वादळात उडालं होतं. त्याची फाईल 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन दोनदा परत आली होती. बाईंनी ती सकाळीच उचलली, गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली, आणि अर्ध्या तासात सही होऊन आली.

मी विचारलं, "हे कसं काय जमलं, बाई?"

"साहेब अकराच्या आत वाचत नाईत, नुसती सई करतेत. चहा झाला का मंग वाचतेत, अन वाचलं का 'चर्चा करावी'. लेकरं तिकडं उनात बसून राह्यली. त्याईनं कवापर्यंत चर्चा कराव?"

मला केवढा आनंद झाला होता! पुस्तकातला अख्खा धडा माझ्या पुढ्यात बसून पानाला चुना लावत होता. मी ते सगळं शब्दन् शब्द उतरवून घेतलं, बाईंच्या पदासकट.

काम संपल्यावर वही आठ दिवस तुमच्याकडे होती. परत आली तेव्हा त्या पानावर तांबड्या शाईत तुमचा शेरा होता, 'पद काढ. माणूस ओळखू येतो.' त्याच आठवड्यात बाईंची बदली झाली, थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तळेगावकडे. घरी अंथरुणाला खिळलेली सासू होती, तिला दिराकडे ठेवून त्या गेल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली. साहेब तुमच्या ओळखीचे, वही तुमच्याकडे, आणि माणूस ओळखू येईल हे तुम्हाला बरोबर कळलेलं. मी वर्गातल्या दोघांजवळ बोलले. ते आणखी कुणाजवळ बोलले. पुढच्या वर्षी आसपासच्या कचेऱ्या तुमच्या विद्यार्थ्यांना बसू देईनात. "ते सर खबरा देतेत," असं बाबू लोक म्हणत. नंतर तुम्ही वर्गातच तक्ते काढत राहिलात, आणि ते पुसतही नव्हतात म्हणे.

तुम्ही गेल्याला दोन वर्षं झाल्यावर मला बाई वर्ध्याच्या बसस्टँडवर भेटल्या. केस पांढरे झाले होते, पण त्यांनीच मला ओळखलं. "तुहे सर आलते ना तळेगावले," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा मानूस, हात जोडून माफी मांगत होते. मले समजेच ना, काऊन मांगून राह्यले."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनाव? वही साहेबानं वाचली ना बाई. चहा झाल्यावर, चष्मा लावून. मी दारातून पाह्यलं. पन तुह्या सराले कशाले सांगू? पोरीचं वर्ष खराब झालं असतं."

शेवटच्या दिवशी माझ्या हजेरीच्या कागदावर कचेरीच्या प्रमुखाची सही लागत होती, सर. तो कागद वहीत घालून मी वहीच साडेदहाला आत नेऊन ठेवली. अकराच्या आत साहेब वाचत नाहीत, हा माझाच शोध होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. वही हातात आली ती दुपारी दोनला. साहेबांना दुसरं काम निघालं असेल, अशी मी माझी समजूत काढली. अख्ख्या जगावर संशय घेणारी मी, त्या साडेतीन तासांवर मात्र कधी संशय घेतला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते उगाच नाही.

तुमच्या मुलाचा पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र त्याला पाठवलं तर निदान एका घरात तरी तुमचं नाव स्वच्छ होईल. पण मी पाठवणार नाही. बसस्टँडवरचं बोलणं एवढंच असतं तर पाठवलंही असतं. बदलीची बातमी आली त्या दिवशी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. "वही आनखी कोनाले दाखवली होती का?" मी दाखवली नव्हती, सहीला दिली होती. उभ्या उभ्या मी मनात असा भेद केला आणि म्हणाले, "फक्त तुम्हाला, सर." "मंग माह्याच तोंडून कुठंतरी गेलं असन," तुम्ही म्हणालात, आणि मी तुम्हाला तसं म्हणू दिलं.