प्रगणक टॅपस्कॉट यांचा शेवटचा फॉर्म

३ एप्रिल १९९१, बुधवार

जनगणनेचं ट्रेनिंग झालं. टाउन हॉलमध्ये आम्ही बावीस प्रगणक. बाकीचे एकवीस अगदीच नवखे वाटले. मीही पहिल्यांदाच करतोय, पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. बियाण्यांच्या कंपनीत एकतीस वर्षं काढली की माणसाला मोजायची नजर येते.

सुपरव्हायझर मिसेस पार्जिटर. करड्या केसांच्या, कडक. मी चार प्रश्न विचारले. चौथ्यानंतर त्या म्हणाल्या, ‘मि. टॅपस्कॉट, इतरांनाही घरी जायचंय.’ म्हणजे पहिल्याच दिवशी नाव लक्षात राहिलं.

मला नेदर क्रॉफ्ले गाव आणि वरची टेकडी दिली आहे. एकशे अठरा घरं. खांद्याला लावायची बॅग, ओळखपत्र, पेन्सिल. ओळखपत्रावरच्या फोटोत जरा चिडल्यासारखा दिसतोय, पण सरकारी फोटोत हसू नये.

एव्हिसला दाखवायला हवं होतं. ती अजून टेकडीवर पेगकडेच आहे. पेग गॅदरकोल म्हणजे तिची शाळेतली मैत्रीण, विधवा. फेब्रुवारीत पेगचं कमरेचं हाड मोडलं, म्हणून एव्हिस ‘थोडे दिवस’ मदतीला गेली. सहा आठवडे होत आले. हाडं सावकाश जुळतात.

जेवण: टोस्टवर बीन्स.

५ एप्रिल, शुक्रवार

माझी एक खास पद्धत आहे. घराच्या फाटकातूनच आत किती माणसं असतील ते ओळखायचं आणि वहीत लिहायचं. नंतर खरा आकडा येईल तेव्हा ताळा बघायचा. मिसेस पार्जिटरना शेवटी दाखवीन. कदाचित लंडनला कळवतील.

मेजर ब्रॅथवेट यांचा बंगला: अंदाज नऊ. कालव्याकाठची ती कारवान, म्हणजे चाकांवरची खोली: अंदाज एक.

८ एप्रिल, सोमवार

फॉर्म वाटायला सुरुवात. मेजरांच्या बावीस खोल्यांच्या बंगल्यात एकटे मेजर राहतात. बाकीच्या आठ जणांचं काय झालं विचारल्यावर ते म्हणाले, ‘कोण आठ?’ कारवानमधून एका पाठोपाठ सात माणसं बाहेर आली. सातवी बाई म्हणाली, ‘आत अजून एक आहे, पण ती आंघोळ करतेय.’

पद्धतीत दोष नाही. घरंच दिशाभूल करणारी आहेत.

आज एकूण अकरा घरं. तीस करायची होती. दोन कुत्री आडवी आली, शिवाय एका बाईंनी चहा दिला आणि हातात फॉर्म घेतल्यावर आपल्या सुनेबद्दल पाऊण तास सांगितलं. फॉर्ममध्ये सुनेसाठी एवढी जागा नसते, हे मी दोनदा सांगितलं.

११ एप्रिल, गुरुवार

आजचा प्रसंग लिहून ठेवण्यासारखा. थ्रिंग बंधूंचं शेत. ऑसी आणि सेप. दोघंही सत्तरीचे, दोघंही अविवाहित, एकाच घरात. आईच्या कपाटावरून भांडण झालं आणि अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. ऑसी दारात उभा, सेप आतल्या दाराआड. मधे मी.

ऑसी म्हणाला, ‘दोन फॉर्म द्या साहेब. एक माझा. एक त्याचा.’

मी सांगितलं, असं होत नाही. सरकारी व्याख्या स्पष्ट आहे. दिवसातून एकदा तरी एकत्र जेवत असाल, किंवा बसायची खोली एक असेल, तर कुटुंब एक.

‘त्याच्याबरोबर जेवू? त्यापेक्षा डुकरांच्यात बसेन.’

आतून सेप म्हणाला, ‘त्याला सांगा, डुकरं उठून जातील.’

मी विचारलं, बसायची खोली?

आतलं दार किंचित उघडलं. मग ऑसी म्हणाला, ‘टीव्ही एकच आहे ना.’

‘मग कुटुंब एकच,’ मी निकाल दिला. यावर दोघं एका सुरात ओरडले, ‘मुळीच नाही!’ अकरा वर्षांत पहिल्यांदा एकमत झालं असेल. याचं श्रेय मला आहे, पण तशी नोंद करायला फॉर्मवर रकाना नाही.

निघताना सेप खिडकीतून म्हणाला, ‘मि. टॅपस्कॉट, तुमची मिसेस परत आली का?’

मी म्हटलं, एवढ्यात येईल.

तो म्हणाला, ‘हां हां. ठीक आहे.’ शेतकरी माणसं फार हळवी असतात. उगाच माझ्याकडे बघत राहिला.

१५ एप्रिल, सोमवार

टेकडीवर गेलो. पेगचं घर आजच्या फेरीत सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, म्हणजे एव्हिसबरोबर निवांत चहा होईल.

पेग शिडीवर चढून छपराची पन्हाळ साफ करत होती. कमरेचं हाड मोडून दोन महिने झालेली बाई! वैद्यकशास्त्र किती पुढे गेलंय. मी तसं म्हणालो. ती वरूनच म्हणाली, ‘हाड कोणाचं मोडलं? मुरगळली होती फक्त. मार्चच्या पहिल्या आठवड्यातच बरी झाले.’

म्हणजे आता काळजीपोटी थांबली असणार एव्हिस. मुरगळलेलं पुन्हा मुरगळू शकतं.

एव्हिस घरात नव्हती, गावात काही कामाला गेली होती. मी फॉर्म दिला. पेग म्हणाली, ‘लेनर्ड, एव्हिसचं नाव यात लिहायचं ना?’ मी हसलो. नीट समजावून सांगितलं की जिथे नेहमी राहतो तिथेच माणूस मोजतात, पाहुणे वेगळे. एव्हिस माझ्या फॉर्ममध्ये येईल.

‘नेहमी राहतो तिथे,’ पेग म्हणाली. ‘बरं झालं सांगितलंस.’ आणि परत पन्हाळीत हात घातला. लोकांना नियम समजावून सांगितला की किती सोपं होतं.

१८ एप्रिल, गुरुवार

सगळे फॉर्म वाटून संपले, ठरल्यापेक्षा फक्त पाच दिवस उशिरा. सायंकाळी पबमध्ये गेलो तर एकदम शांतता पसरली. ओळखपत्राचा दरारा.

मालकाची बायको डोरा हिनं मटण भरलेली गरम पाई समोर ठेवली आणि म्हणाली, ‘घ्या, घरी काय खात असाल देव जाणे.’ मी म्हटलं, बीन्स. ती म्हणाली, ‘आणि?’ मी म्हटलं, टोस्ट. तिनं आणखी एक पाई कागदात बांधून दिली.

२१ एप्रिल, रविवार

आज जनगणनेचा दिवस. देशातली सगळी माणसं आजच्या आज कागदावर येणार. सकाळी टाय लावून टेबलाशी बसलो आणि स्वतःचा फॉर्म भरला.

कुटुंबप्रमुख: लेनर्ड टॅपस्कॉट.
दुसरी व्यक्ती: एव्हिस टॅपस्कॉट, पत्नी. तात्पुरती बाहेर.

तिची जन्मतारीख चोवीस नोव्हेंबर. की चौदा? चोवीसच. केक नेहमी महिन्याच्या शेवटाकडे व्हायचा. शिक्षण: बेताचं. व्यवसाय: घरकाम.

फॉर्म वाचून समाधान वाटलं. आटोपशीर, खाडाखोड नाही.

दुपारी कपाट आवरलं. एव्हिसनं उन्हाळ्याचे कपडेही नेलेत. शिलाईचं मशीनही. ती पहिल्यापासूनच पुढचा विचार करणारी.

२४ एप्रिल, बुधवार

गोळा करायला सुरुवात. थ्रिंग बंधूंनी फॉर्मच्या मधोमध उभी रेघ मारून दोन्ही बाजूंना ‘कुटुंबप्रमुख’ लिहिलंय. मी सांगितलं, एका घरात दोन प्रमुख कसे असतील? ऑसी म्हणाला, ‘तेच तर अकरा वर्षं मी त्याला सांगतोय.’

२७ एप्रिल, शनिवार

टेकडीवरून आत्ताच आलो. क्रमानं लिहितो.

पेगच्या दारात पोचलो. पेगनं फॉर्म हातात दिला. नियमानुसार दारातच तपासायचा असतो, म्हणून उघडला. त्यात दोन नावं. मार्गारेट गॅदरकोल, म्हणजे पेग, आणि एव्हिस टॅपस्कॉट. दुसऱ्या नावापुढे नातं: ‘सहप्रमुख’.

मी शांतपणे म्हटलं, पेग, तुझी चूक झालीय, काळजी करू नकोस, होतं असं. आणि पेन्सिल काढली.

तेवढ्यात आतून एव्हिस आली. गळ्यात मोजपट्टी, दातात टाचणी. टाचणी काढून म्हणाली, ‘लेन, पेन्सिल खिशात ठेव.’

मी नियम सांगू लागलो. ती म्हणाली, ‘मला माहीत आहे नियम. दिवसातून एकदा एकत्र जेवण आणि बसायची खोली एक. पेगकडे दोन्ही आहे.’

मी म्हटलं, आपल्याकडेही आहे.

‘आपल्याकडे मी स्वयंपाकघरात जेवायचे, कारण तू बातम्या ऐकायचास.’

मी म्हटलं, हे सगळं आधी सांगायचंस ना.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. रागानं बघितलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मग म्हणाली, ‘चौतीस वर्षं दाराशी कोणीही आलं की तूच सांगायचास, घरात कोण आहे, कोणाला काय हवंय. डॉक्टरनं मला विचारलं, कुठे दुखतंय, तर उत्तर तू दिलंस. आणि गुडघाही चुकीचा सांगितलास.’

मी म्हटलं, उजवाच होता.

‘डावा,’ एव्हिस म्हणाली.

‘डावा,’ पेग म्हणाली. पेगला कसं माहीत?

एव्हिस म्हणाली, ‘या फॉर्मनं पहिल्यांदा मला विचारलं. कोण आहेस, काय शिकलीस, काय करतेस. माझ्या रकान्यात मी स्वतः लिहिलं. वाच.’

वाचलं. जन्म: चौदा नोव्हेंबर. शिक्षण: शिक्षिकेचं प्रमाणपत्र, १९५३. व्यवसाय: पडदे आणि गाद्यांची कव्हरं शिवणे, स्वतःचं काम. ते प्रमाणपत्र मी विसरलो होतो. लग्नानंतर मीच ट्रंकेत ठेवायला सांगितलं होतं, सांभाळून राहावं म्हणून.

मी विचारलं, निदान ‘तात्पुरती’ तरी लिहू का? म्हणजे दोन्हीकडे जमेल.

ती म्हणाली, ‘नको, लेन. माझी मोजणी झाली.’

मग मला चहा दिला. आलं घातलेला केकही होता. चांगला झाला होता. तिघं बसलो. मी कागद बघत होतो, त्या दोघी मेजरांच्या पडद्यांच्या रंगाबद्दल बोलत होत्या. बावीस खोल्यांचे पडदे. मोठं काम आहे.

२८ एप्रिल, रविवार

रात्रभर विचार करून एका निर्णयाला आलो. बायकांच्या बोलण्याचा शब्दशः अर्थ घ्यायचा नसतो. माझा फॉर्म आहे तसाच देणार. एव्हिस परत आल्यावर तिला बरं वाटेल की आपल्याला इथून कोणी काढलं नव्हतं.

३० एप्रिल, मंगळवार

सगळे फॉर्म जमा केले. एकशे अठराच्या एकशे अठरा. अंदाजांची वहीही मिसेस पार्जिटरपुढे ठेवली. त्यांनी चाळली. अंदाज बरोबर आलेली घरं तीन. त्या म्हणाल्या, ‘यातली दोन रिकामीच आहेत ना?’ रिकाम्या घराला शून्य ओळखणं सोपं नसतं, हे त्यांना पटलं नाही.

३ मे, शुक्रवार

मिसेस पार्जिटरनी बोलावून घेतलं. कार्यालयात शिरलो तेव्हा वाटलं, लंडनचं पत्र असेल.

टेबलावर दोन फॉर्म उघडून ठेवले होते. माझा आणि पेगचा.

त्या म्हणाल्या, ‘मि. टॅपस्कॉट, आपल्या जिल्ह्यात माणसं आधीच कमी आहेत, मान्य. पण म्हणून एकच बाई दोनदा मोजता येत नाही.’

मी म्हटलं, जन्मतारखा वेगळ्या आहेत, कदाचित दोन वेगळ्या एव्हिस असतील.

त्यांनी चष्मा काढला. ‘जिचा वाढदिवस आहे तिनं लिहिलेली तारीख खरी मानू या का?’

 त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला, पेन दिलं, आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून किटली लावली. कडक बाई आहेत असं आधी लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. पाणी उकळायला फार वेळ लावला त्यांनी. मुद्दाम असावा.

मी लिहिलं. लेनर्ड टॅपस्कॉट. जन्म १९२८. निवृत्त. घर स्वतःचं. खोल्या सात. न्हाणीघर आहे. सेंट्रल हीटिंग नाही. नेहमी राहणारी माणसं: इथे पेन अडकलं. पेनचा दोष नव्हता.

एक.

एकट्या माणसाचा फॉर्म चार मिनिटांत होतो. शेजारी आणखी पाच माणसांचे रकाने असतात, ते तसेच सोडायचे. त्यांच्यावर रेघ मारायची गरज नसते, असं मिसेस पार्जिटर चहाचा कप ठेवताना म्हणाल्या.

मी आधीच मारली होती.