एक्केचाळीस पानं

४ ऑक्टोबर

निषेध. त्रिवार निषेध!

सकाळी चहाचा कप घेऊन संगणकासमोर बसलो तर पडद्यावर पाटी — 'आपली प्रणाली कालबाह्य झाली आहे. लवकरच तिची देखभाल थांबेल.' कालबाह्य! अकरा वर्षं ज्याची धूळ मी जुन्या बनियनने पुसली, उन्हाळ्यात ज्याच्याकडे पंखा वळवून स्वतः घामाघूम बसलो, त्याने माझ्याच घरात, माझीच वीज पिऊन मला हे ऐकवावं? धर्मशास्त्रात कृतघ्न माणसाला प्रायश्चित्त नाही. यंत्रांबाबत मात्र शास्त्रकार सोयीस्कर गप्प आहेत.

हिला दाखवलं. पाटी वाचून म्हणाली, "तुमच्यासारखंच आहे की. चालतंय, पण सुटे भाग मिळत नाहीत." औषधांच्या दुकानात बसून बसून हिला निदान करायची सवयच लागली आहे.

चार वाजता ताई वर आली. रोजच्यासारखी. चष्मा पुसला, खुर्ची दोन बोटं पुढे ओढली, फाइल उघडली. मी संगणक सोडून उठलो आणि पेपर वाचायचं सोंग केलं. ही अर्ध्या तासाची शांतता घरात कोणी मोडत नाही.

दाजी जाऊन दीड वर्ष झालं. शेवटचे आठ महिने ते ह्याच खोलीत आरामखुर्चीत पडून बोलायचे आणि ताई टाइप करायची. चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेला माणूस (आणि राहिला बिनलिफ्टच्या इमारतीत!). दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं आतून काय काय बोलतात, ह्याच्या गोष्टी. एकूण एक्केचाळीस पानं. ताई रोज एक पान वाचते. एक्केचाळीस संपली की पुन्हा पहिलं.

५ ऑक्टोबर

पाटी पुन्हा आली. 'नंतर आठवण करा' दाबलं. ही सोय माणसांच्या बाबतीत का नसावी?

८ ऑक्टोबर

कॉम्प्युटरवाला येऊन गेला. हा पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचा, ताईला तेव्हापासून ओळखतो. जिना चढून दमला होता. पाणी प्यायला, संगणकाचं पोट उघडलं, आत नवी मेमरी बसवली, नवी प्रणाली चढवायला घेतली आणि विचारलं, "साहेब, बॅकअप घेतलाय ना?"

मी उत्तर देणार तोच स्वतःच हसला. "तुम्हाला काय विचारतोय मी! तुमचं ते वाचूनच माझ्या बायकोनं सगळे फोटो दुसरीकडे उतरवून घेतले."

'ते' म्हणजे मागल्या महिन्यात आमच्या पेपरात आलेला माझा लेख. 'शहाणा प्रत ठेवतो, मूर्ख आठवण ठेवतो.' शीर्षक माझंच. लोकांना आवडलं होतं.

"घेतलाय," मी म्हणालो.

आता इथे तरी खरं लिहावं. माझ्या बातम्या सगळ्या ऑफिसच्या पेनड्राइव्हवर आहेत. 'घेतलाय' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे तो पेनड्राइव्ह होता. म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. पडद्याने विचारलं — तुमच्या फाइली ठेवायच्या की काहीच ठेवायचं नाही? कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काहीच ठेवलं नाही तर एकदम झकास चालेल." मी माऊस स्वतःच्या हातात घेतला. "अपरिग्रह!" असं मोठ्याने म्हणालो आणि दाबलं.

तो हसला. मीही.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ

जिन्यावर ताईच्या चपला वाजल्या आणि मला आठवलं.

त्याआधी नाही. एक क्षणही नाही. हेच लिहायला हात धजत नाही.

"अजून सगळं बसायचंय गं ताई, दोन दिवस लागतील," म्हणालो. "बसू दे की," म्हणाली. "नव्या घरात सामान लावायला वेळ लागतोच." चहा पिऊन खाली गेली.

१० ऑक्टोबर

काल सकाळी संगणक काखोटीला मारून कॉम्प्युटरवाल्याच्या दुकानात नेला. त्याने काल दिवसभर आणि आज दुपारपर्यंत खटपट केली. "जुन्याच्या जागी नवीन लिहिलं गेलंय, साहेब. काही येत नाही." मग खाली बघत — "तुम्ही घेतलाय म्हणालात."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं, उलटून बोलता आलं असतं.

येताना संगणक जड लागला. रिकामा झाल्यावर हलका व्हायला हवा होता ना?

११ ऑक्टोबर

आणखी एक आठवलं. आता मेलं सगळंच आठवतंय.

मागच्या वर्षी ताईने विचारलं होतं — "पंडिता, ही पानं छापून ठेवू का रे?" (मी शाळेत संस्कृतात पहिला आलो तेव्हापासून तिचा पंडित. आधी कौतुकाने, मग थट्टेने, आता सवयीने.) मी तिला कागदाच्या नासाडीवर पाच मिनिटं ऐकवलं होतं. झाडांची संख्यासुद्धा सांगितली होती. "बरं बाबा," म्हणाली ती.

एक्केचाळीस कागद. माझ्या एका बातमीसाठी ह्याच्या दुप्पट कागदाचे बोळे होतात.

१३ ऑक्टोबर

आज एक गोष्ट केली. लिहितो, नाहीतर उद्या स्वतःलाच वेगळी करून सांगेन.

ऑफिसचा पेनड्राइव्ह लावला. माझ्या जुन्या बातम्या उघडल्या तर पडद्यावर नुसता कचरा! आमचा जुना मराठी फाँट नव्या प्रणालीत चालत नाही. फाइलच्या पोटात खरी साठवण इंग्रजी अक्षरांची, फाँट फक्त वरून मराठी मुखवटा चढवायचा. मुखवटा गेला आणि आतलं उघडं पडलं. कंस, स्वल्पविराम, इंग्रजी अक्षरं, मध्येच उद्गारचिन्ह. मलाही माझं एक वाक्य वाचता येईना.

आणि त्याच क्षणी सुचलं. इतक्या झटपट सुचलं की वाटलं, ही अक्कल आठ तारखेला कुठे होती?

एक्केचाळीस पानांची एक फाइल शोधली. कसली ते कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. तिला नाव दिलं — 'ह्यांच्या गोष्टी'. ताईच्या फाइलचं नाव होतं ते.

चार वाजता ताई आली. मी म्हणालो, "हे बघ, फाइल आहे. फाँट गेलाय फक्त. मिळाला की दिसेल." ताईने पानं मोजली. एक्केचाळीस. तिच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला —

नाही लिहीत.

१४ ऑक्टोबर

ती तरीही आली. कचरा उघडून समोर बसली, अर्धा तास. "वाचता येत नसलं तरी बरं वाटतं," म्हणाली.

मी पेपर धरला होता. उलटा होता, ते हिने सांगितलं.

१७ ऑक्टोबर

हिला खरं सांगितलेलं नाही. हीसुद्धा फाँटच्याच मागे लागली आहे. "अहो शास्त्रीबुवा, ह्या त्या मंत्र्याला फोन करता, एक फाँट मिळवता येत नाही?" दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांनाही विचारते म्हणे. अख्ख्या गल्लीत आता आमच्या घरचा फाँट हरवला आहे.

कॉम्प्युटरवाला समोरून येताना दिसला. मी रस्ता ओलांडला. पलीकडे काहीच काम नव्हतं. बंद असलेल्या चपलांच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो.

२१ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहितो.

ताई कोर्टात बत्तीस वर्षं टाइपिस्ट होती. आज बसल्या बसल्या एकदम म्हणाली, "थांब रे. ही इंग्रजी अक्षरं म्हणजे कळाच की! ज्या कळेवर बोट पडलं तिचं अक्षर उमटलंय." मी म्हणालो, "म्हणजे?" "म्हणजे डोळ्यांना कळत नसलं तरी बोटांना कळेल." आणि तिने पडद्यावरचं पहिलं अक्षर बघितलं, कीबोर्डवर त्या कळेवर बोट टेकवलं, डोळे मिटले. मग दुसरं. मग तिसरं. ओठ हलत होते.

बत्तीस वर्षांची बोटं. ह्याचा विचार मी केला नव्हता. कधी कुणाचा केला आहे म्हणा!

मी पेपरमागे बसून ऐकत होतो. हळू, पुटपुटल्यासारखं — "श… ह… रा… शहरातील… सां… ड… सांडपाण्या…"

थांबली.

सांडपाणी! सहा वर्षांपूर्वीची माझी लेखमाला, सात भागांची. तिला बक्षीसही मिळालं होतं.

ताईने चष्मा काढला. रुमालाने पुसला. खूप वेळ पुसला. माझ्याकडे बघितलं नाही. मी पेपर खाली घेतला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. पेपर खाली घेणं, एवढंच तर होतं. घेतला नाही.

तेवढ्यात ही चहा घेऊन आली. "काय ताई, लागतंय का काही?"

"लागतंय," ताई म्हणाली. चष्मा चढवला. बोटं कळांवर ठेवली आणि एकेक अक्षर लावल्यासारखं, सावकाश वाचलं —

"दार उघडायची घाई करू नये. आधी आतल्या माणसाला त्याचं नाव विचारावं. नाव सांगताना माणूस श्वास घेतो."

"अगंबाई! दाजींचंच की!" हिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत का हो?"

ऐकलं.

२२ ऑक्टोबर

ताई आली. तेच वाक्य वाचलं. हिने विचारलं, "पुढचं?" ताई म्हणाली, "उद्या. बोटं दुखतात."

तिला माहीत आहे. मला माहीत आहे की तिला माहीत आहे. आणि हिच्यासमोर माझी लाज राखायला ती सांडपाण्यातून दाजी वाचून दाखवते आहे. लहानपणी मी फोडलेल्या काचेचा मार तिने खाल्ला होता, तेव्हा निदान मी आठ वर्षांचा होतो.

२४ ऑक्टोबर

तेच वाक्य.

२५ ऑक्टोबर

ताई आली, तेच वाचून गेली. हिने भाजी निवडता निवडता विचारलं, "ताई रोज तेवढंच वाचतात, तुमच्या लक्षात आलं का?"

"फाँट अवघड आहे," मी म्हणालो.

हिने माझ्याकडे बघितलं. औषधाच्या चिठ्ठीवरचं अक्षर लागेना की जसं बघते, तसं.

२८ ऑक्टोबर

ऑफिसात संपादक म्हणाले, "तो बॅकअपचा लेख लोकांना फार आवडला. दुसरा भाग होऊन जाऊ दे." मी म्हणालो विषय संपला. "असे विषय कधी संपतात का?" म्हणाले.

३० ऑक्टोबर

आज ताई वाचताना जरा अडखळली. 'नाव विचारावं' म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली 'नाव सांगताना'. मधला श्वास नेहमीपेक्षा लांबला. मीच मनात पुढचे शब्द म्हटले. मला पाठ झालं आहे ते.

सहा वर्षं शास्त्र्यांकडे पाठांतर केलं. गुरूने म्हणायचं, शिष्याने म्हणायचं, एक अक्षर सांडलं तर पुन्हा पहिल्यापासून. आठ महिने दाजी माझ्यापासून चार हातांवर बोलत होते. माझ्या कानांत त्यातलं एक वाक्य नाही. मी तेव्हा पेपर वाचत होतो. खरोखर वाचत होतो.

१ नोव्हेंबर

उद्या सांगायचं. उद्या म्हणजे उद्या. 'नंतर आठवण करा' नाही.

२ नोव्हेंबर

सांगितलं. ही घरातच होती, तिच्या देखतच सांगितलं. "ताई, ती फाइल दाजींची नाही. दाजींची मी पुसली."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "सांडपाणी आहे. बरं लिहिलंयस. जरा लांबलंय."

ही दारातच उभी राहिली.

मी वही काढली. म्हणालो, "तू सांग. मी उतरवून घेतो. जन्मभर लोकांचं बोलणं उतरवायचंच काम केलंय." ताई म्हणाली, "किती दिवस लावलेस रे." आणि सांगितलं. दार उघडायची घाई करू नये. नाव विचारावं. नाव सांगताना माणूस श्वास घेतो. मी लिहिलं.

"पुढे?"

तिने बोटं कळांवर ठेवली. डोळे मिटले. "पुढे ते हसले होते. एका बाईचं काहीतरी होतं… सातव्या मजल्यावरची… हसले होते एवढं नक्की."

बोटं कळांवर तशीच राहिली. मी पेन धरून बसलो. साडेचार वाजले, पाच वाजले.

वहीत तीन ओळी आहेत. इतके दिवस मला वाटत होतं, मी ताईच्या रागाला घाबरतो आहे. राग नाहीच तिला. मी घाबरत होतो ते ह्याला, की तिलाही एवढंच आठवतं आहे.