दाराचं लॉक

अण्णा, आज पडेगावच्या एका वर्कशॉपमध्ये तुमची लेथ दिसली, कंपनीत तुम्ही चालवायचात ती कॉम्प्युटरवाली. कंपनी बंद पडल्यावर ती भंगारात गेली असंच मी धरून चालले होते. नव्या मालकाला तिच्यातले जुने प्रोग्राम लॅपटॉपवर हवे होते, म्हणून मला बोलावलं. माझं आता कामच ते आहे.

लेथच्या मागं तोच नऊ पिनांचा सिरियल पोर्ट. मालक म्हणाले, "मॅडम, यूएसबीची वायर थेट लागत नाय का?" मी सांगितलं, मधे कन्व्हर्टर लागतो, लॅपटॉपमधला ड्रायव्हर त्याला ओळखतो आणि कॉम पोर्टचा नंबर देतो. हे सांगता सांगता मी दहा वर्षांची झाले. खंडेनवमी आहे, मशीनला झेंडूचे हार आहेत आणि तुम्ही मला केबल जोडायला शिकवताय. मी पाठवायची तार पाठवायच्याच पिनेला लावते. तुम्ही खेकसता, "अगं, दोघंबी बोलतच राह्यले तर ऐकणार कोण? ह्याचं पाठवायचं, त्याचं घ्यायचं!"

आधी स्क्रीनवर नुसता कचरा आला. बॉड रेट, म्हणजे दोन्हीकडचा वेग, जुळत नव्हता. तो अठ्ठेचाळीसशे केला आणि तुमचे प्रोग्राम ओळीमागून ओळ उतरायला लागले. मला लई आनंद झाला. मग कंसातली, म्हणजे मशीन वाचत नाही अशी, एक ओळ आली, इंग्रजी अक्षरांत मराठी: दाराचं लॉक बायपास केलं, वेळ वाचतो. लॉकमधला सी गाळलेला, तुम्ही कायम गाळायचात तसा. पुढं तारीख. तुमच्यासोबत कंपनीत असलेल्या काकांची दोन बोटं त्या मशीनमध्ये गेली, त्याच्या आदल्या दिवसाची.

 चौकशीत तुम्ही सांगितलं होतंत की दार उघडलं की मशीन थांबवणारं ते लॉक काकांनीच काढलं. त्यांची नोकरी गेली. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन जेवलात, अण्णा. आईकडं आणखी एक भाकरी मागितलीत, मी समोरच बसले होते. आणि तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला काकाच पहिले पुढं आले.

"काय झालं मॅडम, प्रोग्राम उडाले का?"

"नाही. सगळे आले," मी म्हणाले.

हे पत्र कुठं पाठवू? काका अजून पुंडलिकनगरलाच, आपल्या मागच्या गल्लीत राहतात. त्यांना दाखवायला ती ओळ मी छापून घेतली. पण घरी येताना ते दारातच बसलेले दिसले, हात हलवून थांब म्हणाले, आणि मी न बघितल्यासारखं करून गाडी पुढं नेली.