शेवटच्या डावातली बरोबरी

चिमीच्या आईस,

आम्ही दोघं खुशाल आहोत. अधिकृत खेळाडू म्हणून चिमीचं राहणं-जेवण आयोजकांकडून आहे. पालकाचा खर्च मात्र स्वतःचा, आणि राहायचंही याच हॉटेलात. म्हणून मी एकदाच जेवतो. चिमीला सांगतो, बाहेर खाऊन आलो. काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

काल बुद्धिबळाचा शेवटचा डाव झाला. चिमीकडे एक हत्ती जास्त होता. कोचसर म्हणाले, जिंकल्यातच जमा आहे, तिसरी येतेय. तेवढ्यात तिनं बरोबरी मागितली आणि चौथी आली.

विचारलं तर म्हणते, "हत्तीकडे लक्षच गेलं नाही, बाबा."

पहिल्या तिघींना पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत नियमानंच जागा मिळते. परवा फोनवर मी तुला म्हणालो होतो, "तिसरी आली तर परत यावं लागेल, तेव्हा काय विकायचं?" आपण दोघं हसलोसुद्धा. ती आंघोळ करतेय असं मी धरून चाललो होतो. आतलं पाणी केव्हाच थांबलं होतं, हे आता आठवतंय.

ती सारखी समोर असते, म्हणून फोन न करता ही चिठ्ठी आज निघणाऱ्या कोचसरांकडे देतोय. आम्ही परवा पोचू. तिला काही विचारू नकोस, नुसतं जवळ घे.

मघाशी बॅग भरताना तिनं मान वर न करता विचारलं, "बाबा, घरी गेल्यावर तुम्ही दोन्ही वेळ जेवाल ना?"

तुझा,
चिमीचा बाप