पाकटीच्या रकान्यातली चूक

प्रिय धाकट्या,

अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. सहा वर्षं आपण बोललो नाही. चार गल्ल्यांच्या अंतरावर राहतो, पण मी समोरून आले की तू कुठल्याही दुकानात शिरतोस आणि मी छत्री उघडते, ऊन असो वा नसो. ते सगळं तूर्त बाजूला ठेव. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे. शुक्रवारी शेवटची सुनावणी आहे. खाडीच्या तोंडाचा चिखलाचा पट्टा खणून मोठ्या जहाजांसाठी खोल पाणी करायचं की नाही, ते त्या दिवशी कायमचं ठरणार. आणि खणायला हरकत नाही असं ज्या वहीच्या जोरावर सगळे म्हणताहेत, ती माझी वही चुकलेली आहे. एखादा आकडा नाही रे. बावीस वर्षं चुकलेली आहे.

काल सकाळी काय झालं ते नीट सांगते, नाहीतर तुला वाटेल म्हातारीला वेड लागलं. मत्स्यखात्यातलं माझं काम तुला माहीत आहे. होड्या लागल्या की बाकीची मासळी बाजारात जाते आणि चपट्या पाकटी माझ्या टेबलावर येतात. तुम्ही होडीवाले काट्याच्या भीतीने शेपूट आधीच तोडता, म्हणून मी लांबी मोजत नाही, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंदी मोजते. मग वजन, मग नर की मादी, आणि मादी असेल तर पोट चिरून गर्भाशय बघायचं आणि रकान्यात लिहायचं. आजवर माझ्यापर्यंत आलेली प्रत्येक पाकट मेलेली होती. काल चष्मेवाल्या तांडेलाच्या होडीचं इंजिन धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर बंद पडलं. जाळं पाण्यातच होतं. दुसऱ्या होडीने त्याला ओढत आणलं आणि जाळं सरळ धक्क्यावरच उपसलं. त्यात एक मादी होती, चांगली सुपापेक्षा मोठी, धडधडीत जिवंत. दोघांनी उचलून माझ्या टेबलावर टाकली आणि ती तिथेच व्याली. एक, दोन, तीन, चार! प्रत्येक पिल्लू पंख गुंडाळून आलं, घडी घातलेल्या रुमालासारखं, आणि पडल्या पडल्या उलगडलं. तळहाताएवढं, डोळे, शेपूट, शेपटीवर मऊसा काटा, सगळं जिथल्या तिथे. मी किंचाळले. अख्खा धक्का माझ्याकडे बघायला लागला.

तांडेलाला मात्र त्याचं काहीच नाही. त्याने चारही पिल्लं ओंजळीत घेतली आणि धक्क्यावरून वाकून पाण्यात सोडली. सहज, रोज हात धुवावेत तसं. मी विचारलं तर म्हणाला की होडीवर ओढली की मादी घाबरून पिल्लं टाकतेच, दिवस भरलेले असोत नसोत. एवढ्याशा जिवाला बाजारात कोण विचारतं, म्हणून तिथल्या तिथे सोडून द्यायची, सगळ्याच होड्यांवर असंच करतात, त्याच्या आजाच्या वेळेपासून. मग त्याने बाजूच्याला हळूच विचारलं, की बाईंना हे माहीत नव्हतं होय? मला विचारलं असतं तर निदान चिडता आलं असतं.

खरंच नव्हतं माहीत. होडीत पाय ठेवला की माझ्या पोटात ढवळतं, बाबांनी दोनदा नेलं आणि दोनदा पुन्हा नेणार नाही म्हणून कान पकडले. म्हणून मी धक्क्यावर बसले आणि समजत राहिले की मासळी समुद्रातून थेट माझ्या टेबलावर येते. मधे एक होडी असते, होडीत माणसं असतात, त्या माणसांना दया येते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुम्हाला वाटलं, बाईंना सगळं ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्हाला काहीच ठाऊक नाही. बावीस वर्षं आपण असे एकमेकांशेजारी काम करत होतो.

दुपारी ऑफिसात दार लावून जुन्या वह्या काढल्या. पाकट अंडी घालत नाही, पिल्लंच देते, हे मला पाठ आहे. पोटातल्या पिल्लांना आईच्या गर्भाशयातून एक दुधासारखा रस पाझरतो, त्यावर ती वाढतात, हेही मी नव्या पोरांना तोंडपाठ सांगते. वर्षाकाठी तीन-चारच पिल्लं, आणि ती वयात यायला कितीतरी वर्षं लागतात, म्हणून एकेक पिल्लू मोलाचं. सगळं माहीत. आणि माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, पानामागून पान काय लिहिलंय ठाऊक आहे? गर्भाशय रिकामं, सैल, आत पांढरट पाणी, बहुधा कुजायला सुरुवात. अरे, ते दूध होतं! त्या आया होत्या, तासाभरापूर्वी व्यालेल्या, आणि मी त्यांना रिकामं लिहीत गेले. एक हजार एकशे बारा माद्या. त्यावरून मी निष्कर्ष काढला की आपल्या खाडीत पाकटी वीत नाहीत, त्या बाहेर खोल समुद्रात जातात. माझं मलाच थोबाडावं असं वाटलं.

तरीही मनाची खात्री होईना, म्हणून आज ओहोटीला मी त्या पट्ट्यावर गेले. एकटी, साडी गुडघ्यापर्यंत खोचून. लहानपणी तू शिकवलं होतंस तसं पाऊल न उचलता घासत घासत चालले, म्हणजे काटेवाली आधीच सावध होऊन निघून जाते. चिखलात ते गोल खळगे होते, तू दाखवायचास ते. पाकट पंख फडफडवून, तोंडाने पाणी फुंकून चिखल उडवते आणि आत दडलेले शिंपले, खेकडे काढून फोडून खाते. डोळ्यांना दिसत नाहीत ते, तिचं तोंड खाली आणि डोळे वर. त्यांच्या अंगातली बारीकशी वीज तिला कळते. मी घोटाभर कोमट पाण्यात उभी राहिले आणि पायाशी चिखल हलला. आधी दोन डोळे दिसले. मग डोळ्यांमागची दोन भोकं, उघडमीट करणारी. त्यातूनच चिखलात गाडलेली पाकट श्वासाचं पाणी आत घेते. तळहाताएवढं पिल्लू. त्याच्या शेजारी आणखी एक. मोठे मासे इतक्या उथळ पाण्यात येऊ शकत नाहीत, म्हणून आया इथे येऊन पिल्लं सोडतात. मी सदतीस मोजली आणि मग मोजता येईना, डोळे भरले होते. पलीकडे खणायचं यंत्र येऊन उभं आहे, पट्ट्याभोवती लाल झेंडे रोवलेत. शनिवारपासून सुरू, असं त्यावरचा माणूस म्हणाला.

मी तशीच चिखलाच्या पायांनी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, चार महिन्यांत निवृत्त होताय, कशाला स्वतःच्या नावाला काळं फासून घेता, वही बंद करा आणि घरी जा. चांगला माणूस आहे, माझ्या भल्याचंच सांगत होता. मी त्यांच्या टेबलावर दुरुस्तीचा अर्ज ठेवला. शुक्रवारी तो मी स्वतः वाचणार आहे. पण त्यांनी एक गोष्ट खरी सांगितली. बावीस वर्षांच्या वहीसमोर एका बाईचा एका दिवसाचा अनुभव टिकणार नाही, होडीवर रोज हे बघणारा कुणीतरी उभा राहायला हवा. चष्मेवाला तांडेल सभेचं नाव काढताच पळाला. मी साक्षीदार म्हणून तुझं नाव लिहून आले आहे. न विचारता. तुला राग येणार हे धरूनच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सहा वर्षांपूर्वी याच खणण्यावरच्या सभेत तू उठून म्हणालास की पाकटी त्या पट्ट्यावर वितात, मी रोज बघतो. आणि मी माइक हातात घेऊन म्हणाले की आठवीत शाळा सोडलेल्याने मला पाकटी शिकवू नये. लोक हसले. तुझी मान खाली गेली ती मी बघितली, धाकट्या, आणि तेव्हा मला बरं वाटलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा माझी परीक्षा तोंडावर होती, आणि एका सकाळी तू दप्तर माझ्या खाटेवर ठेवून होडीवर गेलास. तुझ्या वह्यांची कोरी पानं शिवून तू मला कॉलेजसाठी वही करून दिली होतीस. तू शाळा का सोडलीस, हे त्या सभागृहात दोघांनाच माहीत होतं, आणि त्या दोघांपैकी माइक माझ्या हातात होता. तू तोंड उघडलं नाहीस. शुक्रवारी अकरा वाजता ये. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, नुसता पुढच्या रांगेत बस. त्याच माणसांसमोर मला आधी ते वाक्य परत घ्यायचंय आणि तू शाळा का सोडलीस ते सांगायचंय, पाकटींचं त्यानंतर.

तुझीच,
ताई