प्रोग्राम आपोआप सुरू झाला

मंगळवार, संध्याकाळ

जमलं! रविवारी बाळंतपणाला माहेरी, डोणगावला जायचं आहे आणि मागे ऑफिसच्या सर्व्हरचं कसं होईल, याचाच घोर होता. गेलेली लाइट आली की मशीन आपोआप सुरू होते, पण शेतकऱ्यांना मेसेज पाठवणारा प्रोग्राम मलाच हातानं सुरू करावा लागायचा. मागे मी तापानं दोन दिवस घरी होते, नेमकी तेव्हाच लाइट जाऊन आली, तर फवारणीचा मेसेज गेलाच नाही. आमचे शिपाई शकीलभाई, त्यांच्याच बीटी कपाशीत अळी शिरली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मनात काय असेल त्यांच्या?

चूक केवढीशी! शेतकऱ्यांचे नंबर ज्यात आहेत त्या डेटाबेसच्या आधीच प्रोग्राम सुरू व्हायचा आणि बंद पडायचा. आज तो क्रम बदलला आणि म्हटलं, "शकीलभाई, मेन स्विच पाडा."

"काऊन मॅडम? चालू हाये न!"

"पाडा तर."

पाडला, पुन्हा लावला. मी कीबोर्डला हात लावला नाही. दोन मिनिटांनी त्यांच्याच खिशातला मोबाइल वाजला. अळीचा मेसेज! त्यांनी तो मोठ्यानं वाचला. मग म्हणाले, "खरं सांगू? त्या वक्ती मले लय राग आला होता तुमचा. आता जा बिनघोर."

मला रडूच आलं. पण किती बरं वाटलं!